जानवं, वादी आणि मेम्फिसचा सॅक्सोफोन
(सावली येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो. संगीतातलं शास्त्र मला विचारू नका. पण एका रेकॉर्डवर बोलायचंय, कारण तिच्या नावानंच माझं डोकं सणकलं होतं. चार्ल्स लॉइड नावाचा काळा सॅक्सोफोनवाला. सोबत गिटारवर ज्युलियन लाज, तबल्यावर आपल्या माहीमचा झाकीर हुसेन. 2020 साली, करोनात, कॅलिफोर्नियात वाजवलं. 2022 मध्ये ब्लू नोट कंपनीनं बाहेर काढलं. नाव काय? 'सॅक्रेड थ्रेड'. पवित्र धागा. म्हणजे जानवंच की! आत गाण्यांची नावं बघावी तर सरस्वती, नचिकेता. म्हटलं साला, ज्याच्या बापजाद्यांनी साखळदंड वागवले, त्यानं आमच्या मानगुटीवरचा दोरा हौसेनं गळ्यात घालावा? मोबाईल बंद केला.

मग माणूस कोण ते पाहिलं. लॉइड 1938 सालचा, मेम्फिसचा. मेम्फिस आपल्याला ठाऊक पाहिजे. 1 फेब्रुवारी 1968ला तिथं एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार पावसात आडोशाला कचऱ्याच्या गाडीत बसले, आणि गाडीच्या दाबयंत्रानं त्यांना चिरडलं. 1300 कामगारांनी झाडू खाली ठेवला. पाट्यांवर एवढंच, मी माणूस आहे. त्यांच्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंगला 4 एप्रिलला त्याच शहरात गोळी घातली.

मी राबतो त्या गोदीचं नाव घेत नाही, ठेकेदाराकडं मजुरी अडकलीय. तिथं स्लिंग तुटून लोखंडाची कॉईल घसरली अन् माझ्या शेजारच्याचा पाय गेला. मुकादम आधी कॉईल किती चेपली ते बघायला धावला. त्या रात्री झोप नव्हती. रेकॉर्ड परत लावली.

काय सांगू! घाई नाही, ड्रमचा धडाका नाही. पहाटे धानाच्या बांधीत, आसोलामेंढ्याच्या पाण्यावर धुकं बसतं ना, तसा सॅक्सोफोन खाली बसतो. झाकीर मध्येच गातोही. आणि तबला. तबला ताणतात कशानं? चामड्याच्या वादीनं. पुडी बकऱ्याच्या कातड्याची. ते कातडं सोललं कुणी, कमावलं कुणी? जानवं घालणाऱ्यानं? त्या रेकॉर्डवर धागा असेल तर तो वादीचा. लॉइडला हे कुणी सांगितलं नसेल तर आपण सांगू. नाव मला आजही खटकतं.

पण आपल्या घरातलंही बोललं पाहिजे. माझा पणजा 16 ऑक्टोबर 1956ला चांद्याला बाबासाहेबांकडून दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं डफडं जाळलं. बरोबर केलं. पाटलाच्या लग्नात मांडवाबाहेर उभं राहून बडवायचं अन् उष्टं घेऊन यायचं, त्याला लोककला म्हणणाऱ्याच्या कानफडात मारावी. पण तेव्हापासून आमच्या घरात वाद्य नाही. झाडीपट्टीत नाटक लागलं, मी पेटीवाल्याजवळ जाऊन बसलो, की बाबा उठवून आणायचे. तिकडं उलटं झालं. सॅक्सोफोन म्हणजे गोऱ्यांच्या पलटणीसाठी काढलेलं वाद्य. बेल्जियमच्या अडोल्फ सॅक्सनं 1846 साली पॅरिसात पेटंट घेतलेलं. काळ्यांनी ते आपलं केलं. गोऱ्यांच्या हॉटेलात मागच्या दारानं आत जाऊन वाजवावं लागलं, तरी सोडलं नाही.

पणजा बरोबर की हे बरोबर? मला दोघंही पाहिजेत, अन् ते अजून जमून नाही राहिलं.

झाकीर 15 डिसेंबर 2024ला सॅन फ्रान्सिस्कोत गेला. त्या दिवसापासून ठरवलं होतं की ही रेकॉर्ड एकदा सावलीत वाजवायची. स्पीकर आणलाय. बाबा मागच्या ओळीत बसलेत. बाबा, पटलं नाही तर उठून जा, मी काही म्हणणार नाही. लाव रे.