निद्रा : मेंदूची रात्रपाळी

(पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित अंश)



परीक्षा जवळ आली की ज्या घरात मध्यरात्रीपर्यंत दिवा जळतो, त्या घराचे आपल्याकडे कौतुक होते. झोप म्हणजे आळस, ही समजूत मनात खोलवर रुजलेली आहे. मेंदूविज्ञान मात्र याच्या नेमके उलट सांगते.

झोपेत मेंदू निष्क्रिय असतो, असे एकेकाळी शास्त्रज्ञही मानीत. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन अ‍ॅसेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, झोपेत ठरावीक काळाने मिटल्या पापण्यांआड डोळे वेगाने हलतात आणि त्या क्षणी जागे केलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. गाढ निद्रा व ही स्वप्ननिद्रा यांचे सुमारे ९० मिनिटांचे आवर्तन रात्रीतून चार-पाच वेळा होते. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ निद्रा अधिक, तर पहाटेकडे स्वप्ननिद्रा अधिक असते.

या काळात मेंदू करतो तरी काय? पहिले काम उजळणीचे. नव्या अनुभवांची नोंद प्रथम हिप्पोकॅम्पस या भागाच्या साह्याने होते. १९९४ साली मॅथ्यू विल्सन व ब्रूस मॅकनॉटन यांना उंदरांच्या मेंदूत आढळले की, जागेपणी फिरताना ज्या पेशी एकत्र उद्दीपित झाल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेतही एकत्र उद्दीपित होत होत्या. जणू मेंदू दिवसाचा धडा पुन्हा गिरवीत होता! अशा उजळणीतूनच स्मृती दृढ होते, असे आज मानले जाते.

दुसरे काम सफाईचे. २०१३ साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी नोंदविले की, निद्रिस्त उंदरांच्या मेंदूत पेशींमधील मोकळी जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते व टाकाऊ द्रव्यांचा निचरा वेगाने होतो. २०२४ मधील एका अभ्यासाने मात्र विपरीत निष्कर्ष काढला. म्हणजे याबाबतचा वाद अजून मिटलेला नाही. विज्ञान असेच तावूनसुलाखून पुढे जाते.

आता आपल्या मुलांकडे पाहू. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, अशी अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेची २०१६ ची शिफारस आहे. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळच मागे सरकते, त्यामुळे रात्री लवकर झोप न येणे हा केवळ हट्ट नसतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरविण्याचा निर्णय घेतला, त्यामागे मुलांच्या अपुऱ्या झोपेचाच विचार होता.

परंतु शासनाचा आदेश घराच्या उंबरठ्यापर्यंतच पोहोचतो. आत दूरदर्शन संच केव्हा बंद व्हावा, भ्रमणध्वनी कोठे ठेवावा, हे आपणच ठरवायचे आहे. आई-वडील स्वतः बारापर्यंत पडद्यासमोर बसले, तर उपदेशाला अर्थ उरत नाही. वाचलेले पक्के व्हावे असे वाटत असेल, तर मुलांना निश्चिंत झोपू द्या. तोही अभ्यासच आहे.