गाडीतला कपॅसिटर: बॅटरी काढली तरी भरलेलाच



कुणाच्या लेकाने जीप घेतलीय, कुणाच्या गटाने भाजीविक्रीसाठी पिकअप. गाडी आली की गाणी आली, आणि गाण्यांसाठी मोठा ॲम्प्लिफायर आला. मग पोरं पुणं गाठतात. गाडीचं सामान नाना पेठेत, विजेचं बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत. येताना पिशवीत एक जाड नळकांडं असतं. तो कपॅसिटर. आज त्याच्याबद्दल बोलू. बसवणारा पोरगा असला तरी त्या गाडीतून लेकराबाळांसकट जातो आपण, आणि हप्ताही आपल्याच घरातून जातो.

हा कपॅसिटर करतो काय? नळाची धार बारीक असली की आपण हंडा भरून ठेवतो. एकदम पाणी लागलं की हंड्यातून घेतो. तसंच हे. गाण्यात ढोल दणकन वाजला की ॲम्प्लिफायर क्षणभर खूप वीज ओढतो आणि गाडीचे दिवे मंदावतात. ती क्षणभराची वीज कपॅसिटर पुरवतो. साधारण १००० वॉटला १ फॅरड, असा हिशेब धरतात.

पण हंडा काही नळाला पाणी आणत नाही! बॅटरी जुनी असेल, अल्टरनेटर कमजोर असेल किंवा अर्थची तार गंजली असेल, तर कपॅसिटर घेऊन उपयोग नाही. आधी या तीन गोष्टी तपासा, मग पैसे मोजा.

आता धोक्याचं. १२ व्होल्टचा झटका सहसा बसत नाही, म्हणून पोरं बेफिकीर असतात. पण रिकामा कपॅसिटर थेट बॅटरीला जोडला, की तो एकदम वीज ओढतो आणि मोठी ठिणगी उडते. भरलेल्या कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना पाना किंवा बांगडी एकदम टेकली तरी तेच. धातू क्षणात तापतो, हात भाजतो. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघत असतो. गाडी सीएनजीची असली तर जास्तच जपायला हवं.

म्हणून काम या क्रमाने होऊ द्या. हातातल्या अंगठ्या, बांगड्या, कडं काढायचं. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची. पॉझिटिव्हची जाड तार टाकताना बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज बसवायचा. ती तार पत्र्यातून जाते तिथे रबर घालायचं, नाहीतर घासून उघडी पडते आणि आग लागते. कपॅसिटर ॲम्प्लिफायरजवळ पट्टीने घट्ट आवळायचा. त्याचं निगेटिव्ह टोक रंग खरवडलेल्या पत्र्याला, पॉझिटिव्ह टोक फ्यूजकडून येणाऱ्या तारेला. ही टोकं उलटी जोडली तर कपॅसिटर फुटू शकतो.

सगळं जोडलं तरी फ्यूज लगेच घालायचा नाही. टेप बंद ठेवून बॅटरीची निगेटिव्ह तार परत लावायची, आणि फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब तारांनी जोडायचा. बल्ब लागतो, मग हळूहळू मंद होतो. म्हणजे कपॅसिटर सावकाश भरला. मग बल्ब काढून फ्यूज घालायचा. बल्ब तसाच लखलखत राहिला तर जोडणी चुकली. तिथेच थांबायचं.

आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: बॅटरी सोडवली तरी कपॅसिटर भरलेलाच राहतो. दुरुस्तीआधी फ्यूज काढा, तोच बल्ब कपॅसिटरच्या दोन टोकांना लावा आणि पूर्ण विझेपर्यंत धरा. पाना टेकवून रिकामा करू नका.

विहिरीवरच्या मोटारीचा कपॅसिटरही असाच वीज धरून ठेवतो. तिथली वीज मात्र जिवावर बेतणारी, त्यामुळे हा बल्बचा उपाय तिथे मुळीच करू नका. वायरमनलाच बोलवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा, आणि गाडीचं काम करणाऱ्या पोरालाही शेजारी बसवा.