समाजसेवेचा अभ्यास : ख्रिस्ती दृष्टीतून



लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची कथा समाजसेवेच्या अभ्यासकाने हिशेबाच्या दृष्टीनेही वाचावी. लुटलेल्या, घायाळ परक्याच्या जखमा बांधून तो त्याला उतारशाळेत नेतो. दया येथेच पूर्ण झाली, असे आपण मानतो. तो मात्र दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार देतो आणि अधिक खर्च परतताना फेडण्याचे वचनही देतो.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत २००६ पासून दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत राखीव आहेत. परंतु घरी गेल्यावरची औषधे, फेरतपासणीचा प्रवास, बुडालेली मजुरी यांचे काय? खाटेवर देणगीदाराचे नाव कोरता येते. या खर्चावर येत नाही. तरीही आपल्या दानाचा काही अंश त्यासाठी राखावा, ही नम्र विनंती.