शून्य उताराची जागा

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

ज्येष्ठ मंडळी, काकू-मावश्या आणि शेवटच्या रांगेतल्या बारावीच्या मुलांनो,

गणपतीसमोर गणितावर बोलायचं ठरलं तेव्हा कार्यकारिणीत दोघं-तिघं हसले. आम्ही डिप्लोमावाले, सरकारी नोकरीत रस्त्यांची कामं बघणारे, प्राध्यापक नव्हे. तरी बोलतो आहोत, कारण याच धड्याने आम्हाला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं.

प्रसादाच्या खोक्यापासून सुरू करू. बारा इंच बाजूचा चौकोनी पुठ्ठा घ्या, चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापा आणि कडा वर दुमडा. एक इंच कापलात तर खोकं १० × १० × १, म्हणजे १०० घन इंचांचं. दोन कापलेत तर ८ × ८ × २, म्हणजे १२८. तीन कापलेत तर ६ × ६ × ३, म्हणजे १०८, पुन्हा कमीच. कापलेला भाग क्ष धरला तर घनफळ क्ष(१२ − २क्ष)². त्याचं विकलन १२(क्ष − २)(क्ष − ६). ते शून्य होतं दोनच ठिकाणी, २ आणि ६. हे क्रांतिक बिंदू. तिथे आलेखाचा उतार शून्य. पण सहा इंच कापलेत तर पुठ्ठाच उरत नाही! उताराच्या लेखी दोन्ही जागा सारख्या. एकीत भरपूर लाडू, दुसरीत एकही नाही. म्हणून पुन्हा विकलन करायचं: २४क्ष − ९६. क्ष २ असताना ते −४८, ऋण, म्हणजे शिखर. क्ष ६ असताना +४८, धन, म्हणजे तळ.

भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांबद्दल असंच काही टिपलं आहे: ग्रहाच्या स्थानातली दुरुस्ती जिथे सर्वांत मोठी, तिथे तिच्यामुळे गतीत पडणारा फरक शून्य.

इथवर मुलं बरोबर करतात. दुसरं विकलनही शून्य आलं की गाडी अडते. क्षचा घन घ्या. शून्यापाशी दोन्ही विकलनं शून्य, पण ना शिखर ना तळ. चढ जरा थांबतो आणि पुन्हा चढच. क्षच्या चौथ्या घातालाही तीच दोन शून्यं, पण तिथे खरा तळ आहे. अशा वेळी दोन्ही बाजूंना जाऊन बघावं लागतं.

आम्ही ते बघितलं नव्हतं. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. एका गावरस्त्याचं लेव्हलिंग आम्हीच केलं. उतरत्या रस्त्यात मध्येच एक सपाट तुकडा होता, तिथे रीडिंग सारखी आली. उतार शून्य, म्हणजे पाणी इथेच साठणार, असं धरून पुलिया तिथे टाकवली. (मराठीत मोरी, पण इंदूरकडे पुलियाच म्हणतात.) पुढची रीडिंगं आमच्याच वहीत होती, रस्ता पुढे पुन्हा उतरत होता. पहिल्या पावसाळ्यात पाणी कडेच्या नालीतून सरळ पुढे गेलं, खालच्या खोलगट भागात तुंबलं आणि एका शेतकऱ्याचं सोयाबीन कुजलं. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "साहब, आगे देखा था क्या?" आम्हाला एक नोटीस मिळाली, त्याचं वर्षाचं पीक गेलं. दुसरी पुलिया पुढच्या वर्षी झाली.

आता दोन दिशांचं. आपल्यापैकी बरेच जण खंडवा-बुऱ्हाणपूरवरून गावी जातात. वाटेत असीरगडाखाली सातपुड्याची खिंड लागते. कोणत्याही खिंडीत, अलीकडच्या खोऱ्यातून पलीकडे जाणाऱ्याला वाटेतली सर्वांत उंच जागा तीच. डोंगराच्या धारेवरून चालणाऱ्याला मात्र तीच सर्वांत सखल. म्हणून फौजा तिथूनच जायच्या आणि म्हणूनच किल्लाही तिथेच. घोड्याचं खोगीर असंच असतं, एका दिशेला शिखर, दुसऱ्या दिशेला तळ. क्ष² − य² घ्या. दोन दिशांची दुसरी विकलनं २ आणि −२, मिश्र विकलन शून्य. गुणाकारातून मिश्राचा वर्ग वजा केला की −४. ऋण आलं की खिंड समजा. धन आलं तर शिखर किंवा तळ. शून्य आलं तर पुन्हा आजूबाजूला बघा.

एक राहिलं. कौलारू छपराचा आढा सर्वांत उंच, पण तिथे उतार शून्य नाही. तो तिथे ठरवताच येत नाही. अशा जागाही क्रांतिकच. आणि पुठ्ठा संपतो ती टोकंही तपासावी लागतात. परीक्षेत निम्मी मुलं तीच विसरतात.

बारावीच्या मुलांनी अठरा इंचांचा पुठ्ठा घ्यावा. कापायचं तीन इंच, घनफळ ४३२ यायला हवं. उद्या आरतीनंतर पुठ्ठे आणि कात्री मंडळाच्या खोलीत ठेवतो.