दुसरीच्या वर्गातील बाहत्तर



२०२१ च्या निपुण भारत अभियानानुसार दुसरीअखेर मुलाने ९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात व लिहाव्यात, अशी अपेक्षा आहे. मराठी मुलाची कसोटी मात्र शंभराच्या आतच लागते. ‘बाहत्तर’ म्हणताना दोन आधी ऐकू येतात, सत्तर मागाहून. मूल २७ लिहिते आणि बोलणी खाते. वस्तुतः ते कानाशी प्रामाणिकच असते! २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात रूढ नावांच्या जोडीस ‘सत्तर दोन’ असे वाचन दिले, तेव्हा केवढा गहजब झाला. अडचण मात्र खरीच होती. २०२० च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा. त्या मोकळ्या सायंकाळी शिकवणी न लावता दहा-दहा काड्यांच्या सात जुड्या व दोन सुट्या काड्या मुलासमोर मांडाव्यात आणि आकडा त्यालाच लिहू द्यावा.