वाळवंटातील गाजराचे भाऊबंद

अमेरिकेच्या नैर्ऋत्येस मोहावी नावाचे वाळवंट आहे. हिवाळी पाऊस बरा झाला, म्हणजे वसंतात तेथील खडकाळ रेतीतून एक ठेंगणी वनस्पती डोके वर काढते. पाने बारीक कातरलेली. देठाच्या टोकाशी इवल्या जांभळट वा पिवळसर फुलांची छत्री. कोथिंबीर, शेपू फुलावर आलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे गाजराचे कुल तत्काळ ओळखू येईल.

परंतु कुल ओळखणे निराळे आणि जाती ओळखणे निराळे. त्या वाळवंटात लोमेशियम आणि सिमॉप्टेरस या दोन्ही प्रजाती आढळतात. नुसत्या फुलांवरून फसगत व्हावयाची. निवाडा करावयाचा तो फळावरून. लोमेशियमचे फळ चपटे, त्याला पंख केवळ दोन्ही कडांना. सिमॉप्टेरसच्या फळाला ते बहुधा पाठीवरही असतात. म्हणून नाव देण्याची घाई न करता फळ धरेपर्यंत थांबावे.

ही घाई प्रसंगी प्राणावर बेतते. लोमेशियमच्या काही जातींची मुळे अमेरिकेतील मूळ रहिवासी खात आले आहेत; पण इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसाला दिलेले हेमलॉकचे विषही याच कुलातले. तेव्हा ओळख पक्की होईपर्यंत रानातील अशी छत्री डोळ्यांनी पाहावी, जिभेला लावू नये.