३.८६ चा गंधार



घरगुती संगणकांच्या जुन्या आवाजांची आठवण निघाली की लोक आधी कमोडोर ६४ चं नाव घेतात. ते रास्तच आहे, त्यात आवाजासाठी खास चिप होती. मला मात्र आज त्याहून गरीब यंत्राविषयी बोलायचं आहे. ते म्हणजे १९८२ साली इंग्लंडमध्ये निघालेला सिंक्लेअर स्पेक्ट्रम. पुढे डेसिबेल्स कंपनीनं तो भारतातही विकला.

ध्वनीची वेगळी चिप त्यात नव्हती. आत एक छोटा स्पीकर, आणि त्याचा पडदा एक तर पुढे किंवा मागे. किती वेगानं हलवायचा हे मुख्य प्रोसेसरनंच मोजायचं. त्यामुळे सूर वाजेपर्यंत संगणकाची बाकीची कामं खोळंबायची.

पण त्याच्या बेसिक भाषेतली ‘बीप’ ही आज्ञा बघा. दोन आकडे द्यायचे: सूर किती सेकंद, आणि कितवा. शून्याला सा धरला तर शुद्ध रिषभ २, शुद्ध गंधार ४, पंचम ७. इथवर ही हार्मोनियमच झाली. खरा आनंद पुढे आहे, कारण हा दुसरा आकडा अपूर्णांकातही चालायचा! स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिलेल्या माहितीपुस्तिकेत माहलरच्या पहिल्या सिंफनीतला तुकडा उदाहरणादाखल आहे, आणि त्याच प्रकरणात चक्क भारतीय संगीताचा उल्लेख आहे. अर्ध्या स्वराहून लहान अंतरं हवी असतील तर ०.५ असंही लिहा, असं ती पुस्तिका सांगते. केंब्रिजच्या एका कंपनीनं स्वस्तातल्या संगणकात आपल्या श्रुतींना जागा ठेवली, हे मला आजही फार मोलाचं वाटतं.

याच श्रुतींपायी आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं होतं, आणि १९७१ पर्यंत ते फारसं किलकिलं झालं नाही. आक्षेप होता तो पट्ट्यांच्या ठरलेल्या सुरांवर. जुळलेल्या तानपुऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार हार्मोनियमच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. स्पेक्ट्रमवर ४ च्या जागी ३.८६ लिहिलं की तो हाती यायचा. पंचमासाठी ७.०२.

मींड मात्र नाही. दरबारीचा आंदोलित गंधार त्यातून निघणं शक्य नव्हतं, कारण टप्पे कितीही बारीक केले तरी दोन सुरांमधला सांधा कानाला टोचायचा. ही उणीव मोठीच. तरीही टिम फॉलिन या शाळकरी वयाच्या इंग्लिश मुलानं बेसिक बाजूला ठेवलं आणि थेट मशीन कोडमधून त्या एकाच स्पीकरवर एका वेळी अनेक सूर वाजवून दाखवले. आवाज खरखरीत आहे, पण तो ऐकताना मी आजही थक्क होतो.

स्पेक्ट्रमची नक्कल करणारे प्रोग्राम आज फुकट मिळतात. घरात गाणं शिकणारं मूल असेल तर त्याला शेजारी बसवा, तानपुरा लावा, सा जुळवून घ्या. आधी ४ वाजवा, मग ३.८६. कुठला गंधार तानपुऱ्यात मिसळतो, ते त्यालाच सांगू द्या.